हार्पर ली: पहिली कादंबरी, जी दुसऱ्यांदा लिहिली गेली

अमेरिकन लेखिका हार्पर ली फेब्रुवारी २०१६ मध्ये वारल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचं नवं पुस्तक आलं. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरात सापडलेल्या आठ अप्रकाशित कथा, सोबत काही जुने लेख. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१५ मध्ये, त्यांची ‘दुसरी’ कादंबरी आली होती. ती पहिलीनंतर पंचावन्न वर्षांनी छापली गेली, पण लिहून झाली होती पहिलीच्या आधी. पहिलीत जो वकील एका कृष्णवर्णीय माणसासाठी सगळ्या गावाचा रोष पत्करतो, तोच दुसरीत कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांना विरोध करणाऱ्यांच्या बैठकीला बसलेला दिसतो.

गोंधळ उडणारच. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आपल्याकडे कुणी कॉलेजात वाचलेली असते, कुणाला ती ग्रेगरी पेकच्या सिनेमामुळे ठाऊक असते, आणि या लेखिकेचा विषय निघाला की तेच चार-पाच प्रश्न येतात. पहिलंच पुस्तक एवढं कसं खपलं? मग बाईंनी पुन्हा लिहिलं का नाही? ते नक्की त्यांनीच लिहिलं ना? आणि माणूस गेल्यावर त्याच्या कपाटातले कागद छापायची परवानगी देतं कोण? या सगळ्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून मुळापासून जाऊ. पुढे दोन्ही पुस्तकांना सोयीसाठी ‘मॉकिंगबर्ड’ आणि ‘वॉचमन’ म्हणतो. ‘वॉचमन’चं पूर्ण नाव ‘गो सेट अ वॉचमन’.

वकिलाची धाकटी मुलगी

नेल हार्पर ली यांचा जन्म २८ एप्रिल १९२६ चा. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्य आहे, तिथलं मन्रोव्हिल हे छोटंसं गाव. चार भावंडांत त्या शेंडेफळ. वडील ए. सी. ली वकील, काही काळ राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य आणि गावच्या वर्तमानपत्राचे संपादक. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांची बाजू मांडली होती. दोघांनाही फाशी झाली. शेजारच्या घरी नातेवाइकांकडे राहायला एक किडकिडीत, गोष्टीवेल्हाळ मुलगा येई. त्याचं नाव ट्रुमन कपोटी, पुढचा प्रसिद्ध लेखक. ‘मॉकिंगबर्ड’मधला डिल हा त्याच्यावरूनच बेतलेला आहे.

थोरली बहीण ॲलिस वडिलांसारखी वकील झाली. हार्परही कायदा शिकायला गेल्या, पण पदवी तोंडाशी आली असताना सोडून दिली आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्क गाठलं. तिथं पोटासाठी विमान कंपनीत तिकिटांच्या आरक्षणाची नोकरी, आणि उरलेल्या वेळात लेखन. सात-आठ वर्षं असंच चाललं. या काळात त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं.

एका वर्षाचा पगार

मग १९५६ चा नाताळ आला. मायकेल ब्राउन हे गीतकार आणि त्यांची पत्नी जॉय हे लींचे जवळचे मित्र. सुट्टी मिळत नसल्यामुळे त्या वर्षी ली नाताळला गावी गेल्या नाहीत, ब्राउन यांच्याकडे गेल्या. तिथं त्यांच्यासाठी झाडावर एक पाकीट ठेवलेलं होतं. आतल्या चिठ्ठीचा आशय असा: नोकरीतून एक वर्ष मोकळी हो आणि तुला हवं ते लिही, वर्षभराचा खर्च आमचा. ली यांनी पुढे १९६१ मध्ये एका मासिकात हा प्रसंग स्वतः लिहिला. एवढी मोठी रक्कम घ्यायला त्यांचं मन होत नव्हतं. ब्राउन दांपत्याचं म्हणणं होतं की आम्ही जुगार खेळत नाही, आम्हाला खात्री आहे.

लेखकाच्या प्रतिभेबद्दल आपण पुष्कळ बोलतो, त्याच्या घरभाड्याबद्दल फारसं नाही. ही चिठ्ठी मिळाली नसती तर ‘मॉकिंगबर्ड’ झालीच नसती असं ठामपणे म्हणता येत नाही, पण आठ वर्षांत जे जमलं नव्हतं ते नोकरी सुटल्यावर काही महिन्यांत जमलं, हे कागदोपत्री दिसतं. मॉरिस क्रेन या एजंटाकडे ली पानांचे गठ्ठे पोचवत राहिल्या आणि १९५७ मध्ये हस्तलिखित तयार झालं. नाव: ‘गो सेट अ वॉचमन’.

हा एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणारा, करार ठरवणारा आणि त्याबदल्यात मिळकतीतून ठरावीक टक्के घेणारा मध्यस्थ. मराठीत हा माणूस जवळजवळ नाहीच; आपला लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाच्या दारात जातो. अमेरिकेत एजंटाशिवाय मोठ्या प्रकाशकापर्यंत पोचणं अवघड. पुढे या कथेत दुसरा एक एजंट येणार आहे, आणि तो इतका भला नसेल.

संपादक नेमकं काय करतो?

लिपिनकॉट या प्रकाशन संस्थेकडे हस्तलिखित आलं तेव्हा ते टे होहॉफ या संपादक बाईंच्या हाती पडलं. त्यांचं मत: लेखणीत जीव आहे, पण ही कादंबरी झालेली नाही, सुट्या प्रसंगांची माळ झाली आहे.

कादंबरीचा गाभा असा होता. पंचविशी ओलांडलेली जीन लुईस न्यूयॉर्कहून गावी येते, आणि ज्या वकील वडिलांना ती देव मानते त्या ॲटिकस फिंचचं खरं रूप पाहून हादरते. काळ १९५० च्या दशकाचा. मधूनमधून तिला लहानपण आठवतं. होहॉफ यांना दिसलं की पुस्तकाचा प्राण त्या आठवणींत आहे. मग काम सुरू झालं आणि ते जवळपास अडीच वर्षं चाललं. कथा वीस वर्षं मागे, १९३० च्या दशकात नेली. तृतीयपुरुषी निवेदन जाऊन लहानग्या स्काउटचा, म्हणजे छोट्या जीन लुईसचा, ‘मी’ आला. मोठेपणी मागे वळून सांगणारी, पण पाहणारी सहा ते नऊ वर्षांची.

सगळ्यांत मोठा बदल खटल्याचा. ‘वॉचमन’मध्ये बलात्काराचा आरोप असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या खटल्याचा उल्लेख जेमतेम परिच्छेदभर येतो आणि तिथं आरोपी सुटतो. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये तो खटला कादंबरीचा कणा झाला, आणि निकाल उलटा लागला. आरोपी टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे हे कोर्टात सगळ्यांना दिसतं आणि तरी ज्युरीतले बारा जण त्याला दोषी ठरवतात. या एका बदलाने पुस्तकाला जे वजन आलं ते आधीच्या मसुद्यात कुठंच नाही. दोन्ही वाचून पाहा, आरोपी सुटलेल्या खटल्याची गोष्ट किती पटकन विसरायला होते.

काम सोपं नव्हतं. एका हिवाळ्याच्या रात्री वैतागून ली यांनी सगळी पानं खिडकीतून बर्फात भिरकावली आणि होहॉफना फोन केला. त्यांनी खाली जाऊन आधी पानं गोळा करायला सांगितलं, असा किस्सा आहे. थोडा तिखटमीठ लावलेला असेल, पण असं वाटण्याजोगे दिवस त्या अडीच वर्षांत नक्कीच असणार.

मग पुस्तक कुणाचं, लेखिकेचं की संपादकाचं?

हा आक्षेप मराठी वाचकाने तरी घेऊ नये. मौजेचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितांवर किती बारकाईने काम करत हे आपल्या साहित्यविश्वात सगळ्यांना ठाऊक आहे. लेखकाला लांबलचक पत्रं, प्रकरणांच्या क्रमावर चर्चा, पुन्हा लिहायला लावणं. म्हणून ती पुस्तकं त्यांची झाली असं कुणी म्हणत नाही. संपादक कुठे खणायचं ते सांगतो. खणावं लेखकालाच लागतं. होहॉफ न्यूयॉर्कच्या होत्या. अलाबामातल्या दुपारी, बायकांचे चहापान, शाळेतली भांडणं, कोर्टातल्या गॅलरीतली गर्दी त्यांना लिहून देता आली नसती.

दुसरा आक्षेप जास्त टिकाऊ निघाला: हे कपोटीनेच लिहिलं असणार. याला दोन उत्तरं आहेत. पहिलं कपोटीच्याच हातचं. जुलै १९५९ मध्ये आपल्या मावशीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की नेलचं पुस्तक लिहून झालं होतं तेवढं मी पाहिलं, मला आवडलं, तिच्यात गुण आहेत. ते आपण लिहिल्याचं तो सुचवतसुद्धा नाही, आणि कपोटी हा श्रेय सोडणारा माणूस नव्हे. दुसरं उत्तर संगणकाचं. मात्सिए एडर आणि यान रिबित्स्की या पोलिश अभ्यासकांनी २०१५ मध्ये दोन्ही कादंबऱ्या शैलीमापनाच्या कसोटीवर लावल्या. शैलीमापन म्हणजे लेखक अगदी साधे, नकळत वापरले जाणारे शब्द किती वेळा आणि कोणत्या प्रमाणात वापरतो याची मोजणी. कथानक उसनं घेता येतं, पण ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ यांची सवय लपवता येत नाही. निष्कर्ष असा निघाला की दोन्ही पुस्तकांचा हात एकच आहे, आणि तो लींचा.

मदत झाली ती खरं तर उलट्या दिशेने. १९५९ च्या डिसेंबरात, ‘मॉकिंगबर्ड’ छापायला गेलेली असताना, ली कपोटीबरोबर कॅन्सस राज्यात गेल्या. तिथं एका शेतकरी कुटुंबाच्या हत्येवर तो लिहिणार होता. गावचे लोक त्याच्या विक्षिप्तपणामुळे बिचकत, लींशी मात्र मोकळेपणी बोलत. त्यांनी दीडशेच्या आसपास पानांची टिपणं करून दिली. कपोटीचं पुस्तक गाजलं, आणि त्यात लींच्या वाट्याला अर्पणपत्रिकेतला अर्धा हिस्सा आला.

एवढं खपलं कसं?

‘मॉकिंगबर्ड’ ११ जुलै १९६० ला प्रसिद्ध झाली. प्रकाशकाची अपेक्षा काही हजार प्रतींची होती. ली यांनी १९६४ च्या एका मुलाखतीत सांगितलं की समीक्षकांच्या हातून झटपट, कमी वेदनेचं मरण यावं एवढीच आपली आशा होती.

पुढे झालं ते असं. बुक क्लबांनी पुस्तक निवडलं. म्हणजे वर्गणीदार वाचकांच्या संस्था, ज्या दर महिन्याला ठरावीक पुस्तक घरी पाठवत. रीडर्स डायजेस्टने संक्षिप्त आवृत्ती काढली. या दोन वाटांनी पुस्तक अशा घरांत पोचलं जिथले लोक दुकानात जाऊन कादंबरी विकत घेत नसत. काळही तसाच होता. १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरला होता, १९५५-५६ मध्ये त्याच अलाबामात मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार झाला होता, आणि १९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थी ठिय्या देऊन बसले होते. वर्तमानपत्रात रोज जे येत होतं त्याची गोष्ट इथं एका लहान मुलीच्या तोंडून ऐकायला मिळत होती, आणि तीही सुरक्षित अंतरावरून, पंचवीस वर्षांपूर्वीची म्हणून. गोऱ्या वाचकाला ती पेलवली याचं एक कारण मला हे अंतरच वाटतं.

मे १९६१ मध्ये पुलित्झर मिळालं. पुस्तक दीड वर्षाहून जास्त काळ खपाच्या यादीत राहिलं. १९६२ च्या शेवटी सिनेमा आला आणि त्याला तीन ऑस्कर मिळाले. ॲटिकसच्या भूमिकेसाठी पेकला मिळालेलं त्यातलं एक.

पण चार कोटींहून अधिक प्रती यातल्या कशानेही खपत नाहीत. सिनेमा उतरतो, पुरस्कार विसरला जातो. खरा खप झाला तो शाळांमुळे. अमेरिकेत ही कादंबरी शाळेच्या वर्गात शिकवली जाऊ लागली, आणि एकदा पुस्तक अभ्यासक्रमात गेलं की दरवर्षी नव्या मुलांची नवी तुकडी ते विकत घेते. जाहिरात लागत नाही. लेखकाने मुलाखती द्याव्या लागत नाहीत. काही जिल्ह्यांत पुस्तक अभ्यासक्रमातून काढण्याची मागणीही वेळोवेळी झाली. खपावर त्याचा काही परिणाम दिसला नाही.

पैसा आणि हक्क: एक सातबारा समजून घेऊ

पुस्तकाचा हक्क शेतजमिनीसारखा आहे असं समजा. सातबाऱ्यावर नाव लेखकाचं. जमीन कसायला प्रकाशक घेतो. बी-बियाणं, मजुरी, बाजारपेठ त्याची. पीक आलं की मालकाला ठरलेला वाटा द्यायचा. हा वाटा म्हणजे रॉयल्टी, छापील किमतीच्या साधारण दहा ते पंधरा टक्के, स्वस्त आवृत्तीत त्याहून कमी. पीक येण्याआधीच मालकाला काही रक्कम उचल म्हणून दिली तर तो ॲडव्हान्स. उचल वाट्यातून वळती होते, वर मिळत नाही. तिनशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण संपली तर दहा टक्क्यांनी लेखकाच्या हाती तीस हजार येतात. बहुतेक मराठी लेखकांना नोकरी का सोडता येत नाही ते या गणितात आहे.

आता त्याच जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या लोकांना कसायला देता येतात. एकाला बांधीव आवृत्ती, दुसऱ्याला स्वस्त आवृत्ती, तिसऱ्याला भाषांतर, चौथ्याला सिनेमा, पाचव्याला नाटक. प्रत्येकाचा करार वेगळा, वाटा वेगळा. मालकी मात्र एकाची. करार संपला की तुकडा मालकाकडे परत येतो.

हे मनात पक्कं असेल तर २००७ मध्ये काय घडलं ते लगेच कळेल. लींचा जुना एजंट केव्हाच वारला होता आणि काम दुसऱ्या संस्थेकडे गेलं होतं. त्या संस्थेच्या प्रमुखाच्या जावयाने आपला स्वतंत्र धंदा काढला, आणि ‘मॉकिंगबर्ड’चा मालकी हक्कच स्वतःच्या कंपनीच्या नावावर लिहून घेतला. वाटेकऱ्याचा मुनीम सातबाऱ्यावर चढला. त्या वर्षी लींना पक्षाघात झाला होता, दिसायला आणि ऐकायला कमी येत होतं, त्या मन्रोव्हिलच्या वृद्धनिवासात राहत होत्या. आपल्याला फसवून सही घेतली असा दावा त्यांनी मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाखल केला. हक्क त्याआधीच परत मिळाला होता, भांडण मुख्यतः कमिशनवरून होतं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तडजोड झाली. त्या दाव्याच्या कागदपत्रांतून एक आकडा बाहेर आला: २००९ च्या उत्तरार्धातल्या सहा महिन्यांची रॉयल्टी सुमारे १७ लाख डॉलर. पुस्तक तेव्हा पन्नाशीला टेकलं होतं.

मग दुसरी कादंबरी का नाही?

लोकप्रिय उत्तर असं की यशाला घाबरल्या. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. १९६४ च्या त्याच मुलाखतीत त्या उत्साहाने सांगतात की दक्षिणेतल्या छोट्या गावांचं आयुष्य आपल्याला नोंदवायचं आहे, आपण दक्षिण अलाबामाची जेन ऑस्टिन व्हावं असं वाटतं. म्हणजे इच्छा होती. त्यानंतर मात्र मोठ्या मुलाखती बंद झाल्या. त्यांना पुस्तकाशी बांधणारी माणसंही एकेक करून गेली. वडील सिनेमा यायच्या आधी, एप्रिल १९६२ मध्ये गेले, मग क्रेन, मग होहॉफ. कपोटीशी अंतर पडत गेलं.

एकदा त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. अलाबामातल्याच अलेक्झांडर सिटी भागात विली मॅक्सवेल नावाचा एक धर्मोपदेशक होता. विम्याच्या पैशासाठी त्याने एकामागून एक नातेवाइकांचे खून केले असा सर्वांना संशय, पण खुनाचा आरोप कधी सिद्ध झाला नाही. १९७७ मध्ये अशाच एका अंत्यविधीच्या वेळी, भरल्या सभागृहात, दुसऱ्या एका नातेवाइकाने त्याला गोळी घातली. गंमत म्हणजे मॅक्सवेलचा वकील आणि त्याला मारणाऱ्याचा वकील एकच, आणि मारणारा सुटला. ली खटल्याला हजर राहिल्या, महिनोन्महिने तिथं राहून माहिती गोळा केली. पुस्तक झालं नाही. लींना कल्पनेची भर न घालता खरं तेवढंच लिहायचं होतं, आणि हाती आलेलं बरंचसं अफवांचं होतं. आपल्या मित्राने कॅन्ससच्या पुस्तकात सत्याशी घेतलेली सवलत त्यांना खटकली होती, त्यामुळे स्वतः तसं करणं शक्य नव्हतं. मला तरी भीतीपेक्षा हे कारण जास्त पटतं.

शिवाय एक अगदी व्यवहारी गोष्ट. दर सहा महिन्यांना मोठा चेक येत असेल, दुसऱ्या पुस्तकाची तुलना पहिल्याशी होणार हे ठरलेलं असेल, तर लिहिण्याची सक्ती उरत नाही. होहॉफसारखी खनपटीला बसणारी संपादकही आता नव्हती.

२०१५: शोध की घाई?

ॲलिस ली शंभरी उलटल्यानंतर, नोव्हेंबर २०१४ मध्ये वारल्या. धाकट्या बहिणीच्या व्यवहारांवर आयुष्यभर पहारा त्यांचाच होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१५ मध्ये, हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने जाहीर केलं की लींची दुसरी कादंबरी सापडली आहे. शोध लागला होता लींच्या नव्या वकील बाईंना, जुन्या कागदांत.

टीका झाली ती या तारखांमुळे. पन्नास वर्षं ‘नाही’ म्हणणारी लेखिका अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ‘हो’ कशी म्हणते? वृद्धेवर दबाव आणल्याची तक्रार अलाबामा राज्याकडे गेली. अधिकाऱ्यांनी चौकशी केली, लींना भेटले, आणि तक्रारीत तथ्य नसल्याचं सांगून प्रकरण मिटवलं. तेव्हा फसवणूक झाली असं म्हणायला आधार नाही. पण कायद्याने संमती असणं वेगळं आणि पुस्तक वाचकापुढे प्रामाणिकपणे मांडणं वेगळं. १४ जुलै २०१५ ला ‘वॉचमन’ आली तेव्हा तिचा गाजावाजा ‘नवी कादंबरी’ म्हणून झाला. होहॉफ यांनी बाजूला ठेवायला लावलेला हा पहिला मसुदा होता. पहिल्या आठवड्यात अमेरिका-कॅनडात अकरा लाखांवर प्रती गेल्या. मिशिगनमधल्या एका पुस्तक विक्रेत्याने ग्राहकांना पैसे परत देऊ केले, कारण त्याच्या मते ही अभ्यासकांच्या उपयोगाची वस्तू होती आणि विकली गेली करमणुकीची कादंबरी म्हणून. मुखपृष्ठावर ‘पहिला मसुदा’ एवढे दोन शब्द टाकले असते तर निम्मा वाद झालाच नसता. खपही थोडा कमी झाला असता, ही अडचण.

म्हणजे ॲटिकस वर्णद्वेषीच होता?

ज्यांनी मुलाचं नाव ॲटिकस ठेवलं होतं अशा आईबापांना २०१५ चा उन्हाळा जड गेला. ‘वॉचमन’मधला बहात्तर वर्षांचा ॲटिकस सिटिझन्स कौन्सिलच्या बैठकीला जातो. शाळांमधला वर्णभेद मोडायला विरोध करण्यासाठी गोऱ्या प्रतिष्ठितांनी काढलेल्या त्या संघटना. तो शिवीगाळ करत नाही, मारहाणीच्या बाजूने नाही. त्याला फक्त वाटतं की ‘ते लोक’ अजून बरोबरीच्या हक्कांना तयार नाहीत.

दोन्ही पुस्तकांतली माणसं एकच समजून कालक्रम लावायची गरज नाही. ‘मॉकिंगबर्ड’ लिहिताना लींनी ॲटिकस नव्याने घडवला. तरीही दोन्ही एकत्र बसू शकतात, आणि हे मला जास्त अस्वस्थ करतं. निरपराध माणसाला फासावर जाऊ देणार नाही, पण त्याची मुलं माझ्या मुलांच्या वर्गात नकोत, असं मानणारा सज्जन १९५० च्या दक्षिणेत दुर्मीळ नव्हता. असे सज्जन ओळखायला आपल्याला अलाबामापर्यंत जावं लागत नाही. अनेक कृष्णवर्णीय वाचक आणि समीक्षक ‘मॉकिंगबर्ड’बद्दल आधीपासून सांगत होते की इथं गोरा वकील नायक आहे, टॉम रॉबिन्सनला स्वतःचं आयुष्य असं फारसं नाही, तो सहन करण्यापुरता येतो. ‘वॉचमन’नंतर ही तक्रार बाकीच्यांनाही ऐकू येऊ लागली.

आता मालक कोण?

लींनी मृत्यूच्या आठ दिवस आधी मृत्युपत्रावर सही केली. ते न्यायालयाने सीलबंद ठेवलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने दावा लावल्यावर २०१८ मध्ये उघड झालं. मालमत्तेचा मुख्य भाग एका ट्रस्टकडे गेला आणि कारभार त्याच वकील बाईंकडे. मालक बदलला की काय होतं ते लगेच दिसलं. लींच्या निधनानंतर काही आठवड्यांत, शाळा घेत असलेली नऊ डॉलरांच्या आतली स्वस्त आवृत्ती बंद झाली. तिचा परवाना पुढे चालू ठेवला नाही. उरली ती पंधरा डॉलरांच्या घरातली. वारशाचा कारभार पाहणाऱ्यांनी २०१८ मध्ये ॲरन सॉर्किन यांनी ‘मॉकिंगबर्ड’वरून लिहिलेल्या नाटकाविरुद्धही दावा लावला. नाटकातला ॲटिकस कादंबरीच्या गाभ्याशी फारकत घेतो, असं त्यांचं म्हणणं. तडजोड होऊन नाटक त्या डिसेंबरात ब्रॉडवेवर आलं.

हे हक्क संपतात कधी? आपल्याकडे नियम असा की लेखक गेल्यानंतर साठ वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते, आणि म्हणूनच ती इतक्या प्रकाशनांची, इतक्या किमतींची दिसते. अमेरिकेत त्या काळातल्या पुस्तकांना प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षं. ‘मॉकिंगबर्ड’ १९६० ची, म्हणजे ती २०५६ च्या सुरुवातीला मोकळी होईल. ‘वॉचमन’ लेखिकेच्या हयातीत पण फार उशिरा छापली गेल्यामुळे तिला वेगळा नियम लागतो: मृत्यूनंतर सत्तर वर्षं, २०८६ अखेर. लिहिली आधी, मोकळी होणार एकतीस वर्षं नंतर.

दोन्ही वाचायच्या असतील तर आधी ‘मॉकिंगबर्ड’ वाचा. ‘वॉचमन’ नंतर, आणि हाताशी पेन्सिल घेऊन, कोणते प्रसंग होहॉफ यांनी ठेवायला सांगितले असतील याचा अंदाज बांधत. नव्या पुस्तकातल्या कथा मात्र लींची लेखणी अजून तयार होत असतानाच्या आहेत, त्या सगळ्यांत शेवटी, आणि ग्रंथालयातून आणल्या तरी चालतील.